घरातलं जाळं (लेखांक ६) : बंद घरावर टॉवरच्या इंटरनेटवरून नजर

मागच्या लेखांकात आपण राउटरची जागा ठरवली. आज त्याच राउटरला कॅमेरे जोडायचे आहेत, आणि घर निवडू या कोकणातलं. गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं, एरवी कुलूपबंद. पडवी, खळं, मागचं दार आणि पंपाची खोली, असे चार कॅमेरे या घराला पुरतात. अडचण इंटरनेटची असते. फायबर मुख्य रस्त्यापर्यंत येते, पण पाखाडी उतरून वाडीत येत नाही. आली तरी पावसाळ्यात एखादी फांदी पडून तुटली, की जोडायला माणूस येईपर्यंत बरेच दिवस जातात.

म्हणून अशा घरांत टॉवरवरून येणारं घरगुती इंटरनेट घेतलं जातं. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने त्याच वर्षी गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, ‘एअरफायबर’ आणलं. छपरावर किंवा भिंतीवर एक डबा बसतो, तो टॉवरशी बोलतो आणि वायरने घरातल्या राउटरला इंटरनेट देतो. ५जी पोहोचलेलं नसेल तिथे सिमकार्डवर चालणारा ४जी राउटर हेच काम करतो. सिनेमा न अडकता दिसला, की कॅमेरेही चालणारच असं आपण धरून चालतो. इथेच गणित चुकतं. सिनेमा घरात येतो, कॅमेऱ्याचं चित्र घरातून बाहेर जातं, आणि ही सेवा मुख्यतः आत आणण्यासाठी बांधलेली आहे.

हिशेब अपलोडचा

जाहिरातीत दिसणारा वेग डाउनलोडचा असतो. भारतात ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३.३ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येणं आणि जाणं एकाच लहरीवर, वेळ वाटून घेऊन चालतं. त्यातला बराचसा वेळ टॉवरकडून घराकडे येणाऱ्या माहितीला दिलेला असतो. शिवाय टॉवरचा आवाज मोठा आणि आपल्या डब्याचा लहान. अंतर वाढलं किंवा मध्ये पावसाने भिजलेले माड आले, की आधी अपलोड ढेपाळतं. डाउनलोड उत्तम असूनही कॅमेरा ‘लोडिंग’वर अडकतो, तो यामुळेच.

आता आकडे मांडू. फुल एचडी कॅमेऱ्याला साधारण २ एमबीपीएस लागतात असं धरू. तो चोवीस तास चित्र क्लाउडवर पाठवत राहिला, तर दिवसाला २१.६ जीबी आणि महिन्याला जवळपास ६५० जीबी डेटा जातो. चार कॅमेरे मिळून महिन्याला अडीच हजार जीबीच्या वर जातात, आणि ८ एमबीपीएस अपलोड रात्रंदिवस अडवून ठेवतात. ‘अमर्यादित’ म्हणवणाऱ्या अनेक प्लॅनना महिन्याला १००० जीबीच्या आसपास मर्यादा असते. ती ओलांडली की वेग मंदावतो. दिवसाला १.५ जीबी देणाऱ्या साध्या सिमवर तर एकच कॅमेरा दीड-पावणेदोन तासांत, नेमकं सांगायचं तर शंभर मिनिटांत, त्या दिवसाचा सगळा डेटा संपवतो.

यातून एकच नियम निघतो. रेकॉर्डिंग घरातच ठेवायचं आणि बाहेर फक्त गरजेपुरती झलक पाठवायची.

घरात ठेवायचं म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्यात मेमरी कार्ड, नाहीतर सगळ्यांना मिळून एक एनव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र हार्डडिस्कवर साठवणारा डबा. कॅमेऱ्यापासून एनव्हीआरपर्यंतचा प्रवास घरातल्या घरात होतो, त्याला इंटरनेटचा एक थेंबही लागत नाही. चार कॅमेऱ्यांचं अखंड रेकॉर्डिंग १ टीबीच्या हार्डडिस्कवर अकरा दिवस मावतं, मग जुन्यावर नवं चढत जातं. सेटिंगमध्ये एच.२६५ हा पर्याय असेल तर तो निवडावा. जुन्या एच.२६४ च्या तुलनेत तो तेवढ्याच चित्राला बरीच कमी जागा घेतो.

बाहेर जाणाऱ्या झलकेसाठी बहुतेक कॅमेऱ्यांत दुसरा, हलका प्रवाह असतो. त्याला सबस्ट्रीम म्हणतात. मुंबईत लोकलमध्ये उभ्या-उभ्या खळ्यात कोण आलंय एवढंच पाहायचं, तर अर्ध्या एमबीपीएसचं चित्र पुरतं. माणसाचा चेहरा नीट पाहायचा असेल तेव्हा मुख्य प्रवाह उघडावा, आणि पाहून झालं की ॲप बंद करावं.

हालचालीच्या सूचनाही हिशेबात धराव्या लागतात, कारण सूचनेबरोबर छोटी क्लिपही वर जाते. झावळ्या हलल्या, वानरं खळ्यात उतरली, रात्री इन्फ्रारेड उजेडात पावसाचे थेंब चमकले किंवा कोळ्याने भिंगासमोर जाळं विणलं, की सूचनांचा पाऊस सुरू होतो. फक्त माणूस ओळखून सूचना देणारी सोय असेल तर ती चालू करावी, आणि चौकटीतला माडांचा भाग वगळावा.

बाहेरून आत का शिरता येत नाही

जुने सीसीटीव्हीवाले राउटरमध्ये ‘पोर्ट उघडून’ डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा जुना डबा, थेट इंटरनेटवर ठेवत. टॉवरच्या इंटरनेटवर ही युक्ती सहसा चालत नाही. कारण पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या वाट्यावर आला होता. मग कंपन्यांनी असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं. या व्यवस्थेचं नाव सीजीनॅट.

अख्ख्या वाडीने टपालासाठी एकच पत्ता लावला, अशी कल्पना करा. तुम्ही पत्र पाठवलंत तर कारकून वहीत नोंद करतो, आणि उत्तर आलं की ते तुमच्या घरी पोहोचतं. पण कुणी परगावाहून आपणहून पत्र धाडलं, तर ते कोणत्या घरी द्यायचं हे कारकुनाला कळत नाही. तो ते परत लावतो. पोर्ट उघडणं म्हणजे असं आपणहून आलेलं पत्र स्वीकारणं.

तुमची जोडणी अशी आहे का, हे पाहणं सोपं आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ पाहा. तो १०० ने सुरू होऊन पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, किंवा सुरुवातच १० ने असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तेव्हा असाच कॅमेरा किंवा एनव्हीआर घ्या, जो स्वतः आतून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क जोडतो. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून चालू होणारे बहुतेक संच याच पद्धतीचे असतात. ज्यांना परक्या सर्व्हरवर भरवसा ठेवायचा नाही, त्यांनी घरातल्या एखाद्या छोट्या संगणकावर सीजीनॅटमागूनही चालणारं व्हीपीएन बसवावं. दोन्ही उपायांत पहिलं पत्र घरातूनच जातं.

दार बाहेरून उघडत नाही, याचा फायदाही आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या दुष्ट प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. बरेच संच थेट इंटरनेटवर उघडे होते आणि त्यांचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता. म्हणून ‘ॲडमिन’ हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. भारतात ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची सरकारमान्य चाचणी सक्तीची झाली आहे. खरेदी करताना दुकानदाराला त्या प्रमाणपत्राबद्दल विचारावं.

चिऱ्याची भिंत आणि ‘५जी’चा घोळ

कॅमेरा जोडताना सर्वांत जास्त गोंधळ एका नावाचा होतो. टॉवरचं ५जी वेगळं आणि राउटरचा ५ गिगाहर्ट्‌झ वाय-फाय वेगळा. स्वस्त कॅमेऱ्यांना बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ वाय-फाय कळतो. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर जोडताना अडचण येऊ शकते. अशा वेळी २.४ चं वेगळं नाव तयार करावं आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ वर ठेवावी. काही कॅमेऱ्यांना डब्ल्यूपीए३ झेपत नाही.

दुसरी गोष्ट भिंतींची. चिऱ्याच्या जाड भिंतींपुढे वाय-फाय थकतो. पडवीतल्या कॅमेऱ्याला तो कसाबसा मिळतो, पंपाच्या खोलीपर्यंत जात नाही. तिथे पीओई कॅमेरा आणि एक लॅन केबल हाच खात्रीचा मार्ग. वीज आणि चित्र दोन्ही त्याच केबलमधून जातात.

लाईट गेली की

जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. इतक्या मोठ्या संकटाला घरगुती उपाय नाही, पण रोजच्या जाण्या-येण्याला आहे. बाहेरचा डबा, राउटर, एनव्हीआर आणि कॅमेरे ही सगळी साखळी बॅकअपवर हवी. नुसत्या राउटरला यूपीएस लावला आणि छपरावरच्या डब्याचा ॲडॅप्टर भिंतीतच राहिला, तर उपयोग शून्य. टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपू शकते. तेव्हा बाहेरून काहीच दिसणार नाही, पण घरातला बॅकअप असेपर्यंत रेकॉर्डिंग चालूच राहील.

म्हणून घर बंद करण्याआधी तीन परीक्षा घ्याव्यात. मोबाइलचा वाय-फाय बंद करून लाइव्ह चित्र पाहावं, तेही रात्री आठ-नऊच्या सुमारास, टॉवरवर गर्दी असताना. मग मेन स्विच पाडून काय काय चालू राहतं ते पाहावं. शेवटी छपरावरच्या डब्याची वायर काढून अर्धा तास थांबावं आणि त्या अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग एनव्हीआरवर सापडतं का ते तपासावं. पहिल्या दोन परीक्षांतली त्रुटी मुंबईला गेल्यावरही निस्तरता येते : प्लॅन बदलता येतो, शेजाऱ्याला सांगून बॅटरी बदलून घेता येते. तिसरीत मात्र संच नापास झाला तर घर बंद करू नका. चोरी झाली त्या रात्री इंटरनेट होतं की नव्हतं, हे पोलीस विचारणार नाहीत. ते रेकॉर्डिंग मागतील.

(पुढील लेखांकात : राउटर, एनव्हीआर आणि कॅमेऱ्यांसाठी किती क्षमतेचा यूपीएस घ्यावा)