कोबीवर्गीय पिकांतील नरवंध्यत्व आणि दूरसंकर

संकरित बियाणे तयार करावयाचे, तर मादी-वाणाच्या फुलात त्याच्या स्वतःच्या परागकणांनी फलन होणार नाही, अशी तजवीज प्रथम करावी लागते. टोमॅटोमध्ये हे काम चिमट्याने परागकोश काढून साधते, कारण एका फळातून भरपूर बिया मिळतात. मोहरी वा कोबीच्या शेंगेत त्या मोजक्याच असतात. तेथे हा खटाटोप परवडत नाही. म्हणून मुळातच परागकण न धरणारे झाड हवे असते. हा गुण पेशीद्रव्यातील तंतुकणिकांमुळे आलेला असल्यास तो केवळ मातेकडूनच संततीत उतरतो. वर्गात हा विषय बहुधा एका व्याख्येत आटोपला जातो. त्यामागील दीर्घ खटपट मात्र अनुल्लेखित राहते.

१९६८ साली ओगुरा या जपानी शास्त्रज्ञाने मुळ्यातील नरवंध्यत्वाची नोंद केली. पुढे फ्रान्समध्ये बानेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुळा माता म्हणून घेऊन कोबीशी त्याचा संकर केला आणि त्या संततीवर पुनःपुन्हा कोबीचेच पराग वापरले. पिढ्यानपिढ्या केंद्रकातील मुळ्याची गुणसूत्रे गळत गेली; पेशीद्रव्य तेवढे मुळ्याचे राहिले. परंतु मुळ्याची हरितलवके आणि परके केंद्रक यांचे जमेना. थंडीत पाने पिवळी पडत, मधुग्रंथीही खुरट्या राहत. ज्या पिकाचे परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून आहे, त्याला मधाविना फूल काय कामाचे? अखेर १९८३ मध्ये पेल्तिए व सहकाऱ्यांनी रेपसीडमध्ये पेशीभित्तिका काढलेल्या पेशींचे संमीलन घडवून हरितलवके रेपसीडची, पण वंध्यत्व मुळ्याचे, अशी झाडे मिळविली.

कोबीचे काम येथे संपते, कारण आपण त्याचा गड्डा खातो. मोहरीचे तसे नाही. शेतकऱ्याला बीच हवे असल्याने संकरित पिकात प्रजननक्षमता परत आणणारे पुनःस्थापक जनुकही लागते. रेपसीडमध्ये ते मुळ्याकडून आणताना ग्लुकोसिनोलेटचे जादा प्रमाणही सोबत आले आणि ते दूर करण्यासाठी वेगळे परिश्रम करावे लागले. भारतीय मोहरीसाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेतील संशोधकांनी मोरिकँडिया आर्व्हेन्सिस या रानटी नातेवाईकाचे पेशीद्रव्य वापरले. येथेही पाने पिवळी पडली, येथेही संमीलनानेच दोष निवारला गेला. पुनःस्थापक जनुक त्याच रानटी वनस्पतीतून मिळाले. राजस्थानातील भरतपूरच्या केंद्राचा एनआरसीएचबी ५०६ हा संकरित वाण याच पद्धतीवर आधारलेला आहे.

एक बाब मात्र लेखकास खटकते. नरवंध्य संकरित कोबीला स्वतःचे पराग नसतात. त्यामुळे त्यातून स्वपरागणाने नवा वाण निवडण्याची वाट शेतकऱ्याला व लहान पैदासकाराला बंद होते. युरोपातील काही सेंद्रिय शेती संघटनांनी पेशी-संमीलनातून आलेले असे वाण आपल्या सभासदांना वर्ज्य ठरविले आहेत.