गब्बरच्या सहा गोळ्यांचा हिशेब बरोबर होता का?

१५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेला ‘शोले’ मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला. आज तोच सिनेमा लोहारा तालुक्यातल्या माकणीतही पारावर बसून मोबाईलवर बघता येतो. त्यातल्या एका प्रसंगाबद्दल मात्र शंका घेतली जाते. कालिया आणि त्याचे दोन साथीदार तीन वेळा वाचतात, हे शक्य आहे का?

रिव्हॉल्व्हरच्या चक्रात गोळ्यांची सहा घरे. गब्बर तीन गोळ्या हवेत झाडतो. प्रत्येक बाराला चक्र एक घर पुढे सरकते, त्यामुळे तीन रिकाम्या पुंगळ्या ओळीने आणि तीन जिवंत गोळ्याही ओळीनेच राहतात. मग तो चक्र गरगर फिरवतो. सलग तीनदा नुसता ‘खट्’ आवाज यायचा, तर चक्र सहापैकी एकाच जागी थांबायला हवे. म्हणजे शक्यता सहात एक. उरलेल्या पाच वेळा किमान एक जण तिथेच गेला असता. आणि तिघे वाचले, तर पुढच्या तिन्ही गोळ्या जिवंतच असणार! तिघांच्या हसण्यानंतर गब्बर नेमके तेच करतो. हिशेब चोख आहे.

पडद्यावरची गोळी मात्र गोळी नसते. ब्लँक काडतुसात दारू असते, पुढचे शिसे नसते. आवाज होतो, जाळ निघतो. अगदी जवळून तेही घातकच. ‘शोले’च्या चित्रीकरणात धर्मेंद्र यांच्या बंदुकीतून खरी गोळी सुटून आपल्या कानाजवळून गेली, असे अमिताभ बच्चन यांनी ‘कौन बनेगा करोडपती’त सांगितले होते. ते थोडक्यात वाचले.

हॅलिना हचिन्स वाचल्या नाहीत. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या वेस्टर्नपटाची तालीम सुरू होती. अभिनेते अॅलेक बाल्डविन यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायाचित्रणकार हचिन्स यांचा मृत्यू झाला, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली.

खरी गोळी तिथे मिसळली कशी? रिव्हॉल्व्हरमध्ये पुढून गोळ्यांची टोके दिसतात. त्यामुळे जवळच्या दृश्यासाठी ब्लँक चालत नाही, दारू नसलेले खोटे काडतूस भरावे लागते. दिसायला ते हुबेहूब खऱ्यासारखे. म्हणून अनेक खोट्या काडतुसांत बारीक छर्रा टाकलेला असतो. भरण्याआधी प्रत्येक काडतूस कानाशी धरून हलवायचे. खुळखुळले तरच बंदुकीत जायचे.