टॅलेंट आहे, पण बांधणी?

सेझानचं पाइनचं झाड आणि आपला रझा. नागपूर, मुंबई ते पॅरिस, व्हाया करमाड!

१९४८ साल. नागपूर आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेला सय्यद हैदर रझा काश्मीरमध्ये निसर्गचित्रं काढत होता. वय २६. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमुळे नाव होऊ लागलेलं. तिथे त्याला आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर भेटला. चित्रं बघून त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा : टॅलेंट आहे, बांधणी नाही. सेझान बघ.

अप्रेझलमध्ये कुणी असं ऐकवलं, तर आपण त्याच रात्री रेझ्युमे अपडेट करायला घेतो. रझाने? तो फ्रेंच शिकला, स्कॉलरशिप मिळवली आणि १९५० मध्ये थेट पॅरिस गाठलं.

या सेझानमध्ये असं काय आहे? त्याचं 'द ग्रेट पाइन' बघा. १८९०च्या दशकातलं हे चित्र आता ब्राझीलमध्ये, साओ पावलोच्या संग्रहालयात आहे. मधोमध एकच उंच झाड, वाऱ्याने पिळवटलेलं. पान एकही सुटं रंगवलेलं नाही. हिरव्या-निळ्या रंगाचे तिरके फटकारे एकमेकांना टेकवत त्याने झाड अक्षरशः बांधलंय. इम्प्रेशनिस्टांनी क्षणाचा उजेड पकडला; सेझानला उजेड गेल्यावरही उरणारं झाड हवं होतं. १८५८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मित्र एमिल झोलाला लिहिलेल्या पत्रातही त्याने नदीकाठच्या एका पाइनची आठवण काढलीय. इतकी जुनी दोस्ती!

मला हा फंडा करमाडला कळला. शेंद्रा एमआयडीसी मागे टाकून जालना रोडने पुढे गेलं, की शेतांच्या बांधावर बाभळी आणि कडुनिंब दिसतात. एका कडुनिंबासमोर डोळे किलकिले करून उभी राहिले. पानं गायब झाली; उरले खोड, तीन-चार मोठे गठ्ठे आणि मधलं आभाळ. रोज कॅबच्या खिडकीतून नुसती हिरवळ दिसायची. त्या दिवशी पहिल्यांदा झाड दिसलं.

रझा सेझानपाशी थांबला नाही. १९५६ मध्ये त्याला फ्रान्सचा 'प्री द ला क्रितीक' पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिलाच बिगर-फ्रेंच चित्रकार. पुढे चित्रांतली घरं-झाडं विरघळली आणि उरला बिंदू. वडील वनखात्यात, बालपण मंडल्याच्या जंगलांत. ते रंग मात्र शेवटपर्यंत सुटले नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'बांधणी नाही' म्हणालं, तर चिडण्याआधी विचारा : मग कुणाचं काम बघू?