खुर्जी लावा, पण इशारा झाकू नका

आपल्या कपड्याच्या धंद्यात मोटारसायकल ही आता केवळ सवारी राहिलेली नाही, ते एक फिरते दुकान झाले आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांतून निघालेले कापड आठवडी बाजारात आणि वाड्या-वस्त्यांवर पोहोचवणारा छोटा व्यापारी बहुधा दोन चाकांवरच असतो. पूर्वी घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी खुर्जी टाकत असत. तीच खुर्जी आज रेक्झिनची किंवा कॅनव्हासची होऊन मोटारसायकलच्या मागच्या सीटवर आली आहे. कोणी तिला साइड बॅग म्हणतो, कोणी सॅडल बॅग. फरक इतकाच की घोड्याला इंडिकेटर नव्हते. मोटारसायकलला ते आहेत, आणि पुष्कळ गाड्यांत मागचे इंडिकेटर नेमके तिथेच असतात जिथे ही खुर्जी लोंबते.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा साड्यांचा माल घेऊन बाजाराला निघाला होता. उजवीकडे वळण घेताना मागून टेम्पोची धडक बसली. पायाचे हाड मोडले, तीन महिने धंदा बंद राहिला आणि माल चिखलात गेला तो वेगळाच. टेम्पोवाला म्हणाला, ‘‘यांनी इशारा दिलाच नाही.’’ भाचा मला दवाखान्यात म्हणाला, ‘‘मामू, मी तर बटण दाबले होते.’’ दोघेही खरे बोलत होते. संध्याकाळी गाडीवर पुन्हा बॅगा टाकून मी मागे उभा राहिलो, तेव्हा उजवा दिवा बॅगेच्या फुगलेल्या पोटामागे लुकलुकत होता. तो कोणालाच दिसत नव्हता.

यावरून मी शिकलो ते असे की इंडिकेटर पेटणे आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवा कुठे असावा?

युरोपात मोटारसायकलच्या दिव्यांसाठी नियमावली क्रमांक ५३ आहे. तिच्यातील मापे आपल्या कारागिरांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. मागच्या दोन इंडिकेटरांमध्ये किमान १८० मिलीमीटर, म्हणजे सुमारे सात इंच अंतर असावे. जमिनीपासून त्यांची उंची ३५० ते १२०० मिलीमीटर असावी. आणि दिवा फक्त सरळ मागून नव्हे, तर बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसला पाहिजे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या बरोबरीने येणाऱ्यालाही.

ही मापे का ठेवली, हे समजून घ्यावे. दोन्ही दिवे फार जवळ आणले तर रात्री मागच्या माणसाला डावा कोणता आणि उजवा कोणता हे कळत नाही. ब्रेकच्या लाल दिव्याला चिकटवले तर त्याच्या उजेडात पिवळा इशारा विरून जातो. आणि बॅगेच्या मागच्या कडेपेक्षा दिवा पुढे राहिला तर बाजूने येणाऱ्याला तो दिसतच नाही.

म्हणून दिवा हलवायचा तो मागे, बॅगेच्या शेवटच्या कडेच्या पलीकडे. त्यासाठी दोन जागा चांगल्या आहेत. पहिली, नंबर प्लेटच्या ब्रॅकेटवर आडवी लोखंडी पट्टी बोल्टने बसवून तिच्या दोन टोकांना दिवे लावणे. दुसरी, मागे लोखंडी कॅरिअर असेल तर त्याच्या शेवटच्या आडव्या नळीवर क्लॅम्पने बसवणे. बॅगेच्या कापडावर दिवा लावणे मात्र चूक आहे. बॅग हलते, तार तुटते, आणि बॅग घरी काढून ठेवली की गाडी मुकी होते.

काम कसे करावे?

सर्वात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. माप रिकाम्या बॅगेवर घेऊ नका. आपण कापडवाले हे जाणतो की रिकामी पिशवी सपाट असते आणि थान भरले की तीच पिशवी बाहेरच्या बाजूला चांगली फुगते. त्यामुळे रोज जेवढा माल नेता तेवढा भरून, माणूस सीटवर बसवून, मगच खडूने खूण करावी. वजनाने गाडी मागून दबते आणि दिव्याची उंचीही बदलते.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. जुना इंडिकेटर काढताना तारा कापण्याऐवजी जोडावरूनच सुटतात का ते पाहावे. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये उजव्या इंडिकेटरची तार आकाशी, डाव्याची नारिंगी आणि अर्थिंगची हिरवी असते. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात, म्हणून टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी. तार वाढवायची तर त्याच जाडीची घ्यावी, जोड रांगा लावून डाखावा आणि वर स्लीव्ह चढवावी. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्याचा सोबती. तार पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच हवे आणि सायलेन्सर व चाक यांच्यापासून ती दूर बांधावी.

इथे पुष्कळ मिस्त्री एका ठिकाणी फसतात. जुन्या गाड्यांत इंडिकेटरला एकच तार असते. अर्थिंग त्याच्या धातूच्या दांडीतून गाडीच्या सांगाड्याला मिळते. असा दिवा प्लॅस्टिकच्या मडगार्डवर किंवा रंग दिलेल्या पट्टीवर बसवला की अर्थिंग तुटते. दिवा मंद जळतो किंवा पेटतच नाही आणि दोष बल्बला दिला जातो. अशा वेळी दांडीपासून सांगाड्यापर्यंत अर्थिंगची वेगळी तार ओढावी.

हात लावलाच आहे तर एलईडी दिवे बसवू, असे काही जण म्हणतात. बसवा, पण एलईडी फारच थोडा करंट घेते. साध्या १० वॉटच्या बल्बांसाठी बनवलेला जुना फ्लॅशर त्यावर नीट चालत नाही. दिवा एकसारखा जळत राहतो किंवा घाईघाईने फडफडतो. त्यासाठी एलईडीला चालणारा फ्लॅशरच घ्यावा लागतो.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे इंडिकेटरचा रंग अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी असावा आणि तो मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकावा. निळे-पांढरे शौकीन दिवे यात बसत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही. म्हणून सांगाडा कापणे किंवा त्यावर वेल्डिंग करणे टाळावे. जे बोल्टने बसते आणि बोल्टने निघते तेच करावे, आणि शंका असेल तर आधी आरटीओत विचारावे. नंबर प्लेट आणि मागचा दिवा झाकला जाणार नाही हेही पाहावे. बॅगेला जागा हवी म्हणून साडी गार्ड काढणारेही आहेत. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक तरी झाकलेले असावे, असे नियम १२३ सांगतो. कापड विकणाऱ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तपासणी

काम झाल्यावर दिवेलागणीच्या वेळी भरलेल्या बॅगांसह गाडी उभी करा. एका माणसाला वीस पावले मागे उभे करा आणि इंडिकेटर चालू ठेवून त्याला अर्धगोलात चालत गाडीच्या बाजूपर्यंत येऊ द्या. दिवा मध्येच कुठे नाहीसा झाला तर काम अपुरे आहे. ब्रेक दाबूनही एकदा पाहा. दोन्ही बाजूंनी असे करा, कारण सायलेन्सरपासून दूर ठेवण्यासाठी एका बाजूची बॅग बहुधा वेगळ्या उंचीवर असते.

रेक्झिनचे काम करणाऱ्या आणि गॅरेज चालवणाऱ्या भावांना एक विनंती आहे. बॅग शिवणारा एकीकडे आणि इंडिकेटर हलवणारा दुसरीकडे, अशी आज स्थिती आहे. गिऱ्हाईक बॅग घेऊन निघून जातो आणि दिव्याचा विचार कोणीच करत नाही. बॅग शिवणाऱ्याने गाडी दुकानासमोर उभी करून माप घ्यावे, बॅगेचा मागचा कोपरा थोडा तिरपा कापावा आणि शेजारच्या मिस्त्रीकडून त्याच दिवशी दिवे मागे करून द्यावेत. दोघांनाही काम मिळेल आणि गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन येईल.

माझा भाचा आता पुन्हा बाजाराला जातो. त्याच्या गाडीचे दिवे हलवायला एक पट्टी, चार बोल्ट, थोडी तार आणि मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची मजुरी लागली. हा खर्च अपघाताच्या आधी केला असता तर तीन महिन्यांची कमाई आणि एक पाय वाचला असता.