साड्यांखाली लपवलेली गोळी

गिरगावातल्या खोताच्या वाडीत बोळ इतके अरुंद, की समोरच्या लाकडी गॅलरीतलं बोलणं आपल्या ओट्यावर ऐकू येतं. अशा ठिकाणी कुणाला फिट आली, की ती एका घराची गोष्ट राहत नाही. कुणी कांदा फोडून आणतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. खरं तर माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालय गाठावं. एवढंच पुरे.

फिट चारचौघांत येते. फिटवरची गोळी मात्र कपाटात साड्यांखाली जाते. त्यातही घरात लग्नाची मुलगी असेल तर नक्कीच.

ही गोळी अनेकदा सोडियम व्हॅल्प्रोएटची असते. त्याचं मूळ असलेलं व्हॅल्प्रोइक आम्ल १८८२ साली प्रथम तयार झालं आणि पुढची ऐंशी वर्षं ते केवळ इतर पदार्थ विरघळवायला वापरलं गेलं. १९६२च्या सुमारास फ्रान्समध्ये संशोधक पिएर एमार वेगळीच संयुगं त्यात विरघळवून तपासत होते. कुठलंही संयुग घेतलं तरी प्रयोगातल्या प्राण्यांचे झटके थांबत. गुण विरघळलेल्या पदार्थाचा नव्हता, द्रावकाचाच होता! १९६७मध्ये ते फ्रान्समध्ये औषध म्हणून आलं. मेंदूतल्या पेशींचा मोठा जथा एकाच वेळी बेताल पेटला की फिट येते; व्हॅल्प्रोएट त्या पेशींना आवर घालतं. अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, काही प्रकारांत त्याच्याइतकं गुणकारी औषध आजही कमीच आहे.

पण गर्भारपणात हेच औषध धोक्याचं ठरतं. ते घेणाऱ्या मातांच्या शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. मणक्याची नळी नीट न मिटणं हे त्यातलं एक, आणि ती मिटते गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे दिवस गेल्याचं कळण्याच्या आसपास. शिवाय शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांची बौद्धिक वाढ किंवा बोलणं मागे पडू शकतं. मात्रा जास्त तसा धोका जास्त.

म्हणून लपवाछपवी दोन्हीकडून घात करते. सासरी कळू नये म्हणून गोळी एकदम बंद केली, तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. चोरून चालू ठेवली, तर पोटातल्या बाळाची तयारी करायची वेळ निघून जाते. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम ही गर्भारपणात त्या मानाने बरीच सुरक्षित औषधं आहेत. पण बदल सावकाश, काही आठवडे-महिने घेऊन करावा लागतो. फॉलिक ॲसिडही दिवस जाण्याआधीच सुरू करायचं असतं.

सासरी कळण्याच्या या भीतीला एकेकाळी कायद्याचंही बळ होतं. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींत अपस्मार घातला गेला. १९९९मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. कायद्याने दिलेली मोकळीक आपल्या बैठकीच्या खोलीत अजून पोचलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गिरगावातून परळचं केईएम लांब नाही; तिथे मेंदूविकारांचा विभाग आहे. पुढच्या खेपेला मुलीबरोबर जाल, तेव्हा तिचं लग्न ठरतंय हे डॉक्टरांना आधी सांगा, आणि पुढचं तिला स्वतःला विचारू द्या.