फी भरली, पुढे काय?

माजी सैनिकांच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला की अमेरिकेच्या १९४४ च्या ‘जी.आय. बिल’चे नाव हमखास निघते, तेही सरकारी औदार्याचा नमुना म्हणून. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, शिवाय एकट्याला महिना ५० आणि कुटुंबवाल्याला ७५ डॉलर निर्वाहभत्ता. त्या बळावर सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. १९४७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांत जवळपास निम्मे तेच होते. तरीही हे यश निव्वळ पैशाचे नव्हते. त्या काळात कॉलेजांनी स्वतःची घडी मोडली. लष्कराच्या पत्र्याच्या बराकी आवारात उभारून बायकामुलांसह आलेल्यांची सोय केली, उन्हाळ्यातही वर्ग भरवले, शाळा अर्धवट राहिलेल्यांना समकक्षता परीक्षेवर प्रवेश दिला. जिथे कॉलेज हलले नाही तिथे कायदा लुळा पडला. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांच्या विद्यापीठांनी कृष्णवर्णीय माजी सैनिकांना दार उघडले नाही आणि कृष्णवर्णीयांची मोजकी कॉलेजे इतकी भरली की हजारोंना परत फिरावे लागले. कायद्याने पैसे त्यांनाही मंजूर होतेच.

अशा सवलतींनी दर्जा घसरतो, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो ऐऱ्यागैऱ्यांचा नव्हता. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनीच धोक्याची घंटा वाजवली होती. प्रत्यक्षात हे प्रौढ विद्यार्थी अभ्यासात तरण्या पोरांना भारी पडले, आणि पुढे खुद्द कोनंट यांना त्यांची तारीफ करावी लागली. दर्जा खरोखर घसरला तो पुढच्या काळात, वेगळ्या वाटेने. अमेरिकी कायद्यानुसार नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना किमान १० टक्के उत्पन्न केंद्राच्या विद्यार्थी-मदतीबाहेरून दाखवावे लागे. माजी सैनिकांचा पैसा सरकारीच, पण तो या ‘बाहेरच्या’ खात्यात धरला जाई. साहजिकच अशा कॉलेजांचे दलाल सैनिकांच्या मागे लागले. ही पळवाट २०२१ च्या कायद्याने बुजवली. तोवर, २०१६ मध्ये, ‘आयटीटी टेक’सारखी अशा कॉलेजांची मोठी साखळी बंद पडून विद्यार्थी मधेच लटकले होते.

आजची अडचण बारीकसारीक कामांत दडलेली असते. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने माजी सैनिकाला ३६ महिन्यांची फी आणि घरभाडे मिळते. पण दोन सत्रांमधल्या सुट्टीचे भाडे २०११ पासून बंद आहे. एखादा विषय मधेच सोडला तर दिलेली रक्कम वसुलीला निघू शकते. म्हणून नोंदणी कळवणारा कॉलेजातला कारकून जाणता असणे हीच पहिली मदत. दुसरी मदत श्रेयांकांची. रणभूमीवर जखमींना सांभाळलेल्या वैद्यकीय सहायकाचे लष्करी प्रशिक्षण कॉलेज मान्य करते, पण पुष्कळदा ‘ऐच्छिक’ खात्यात टाकते. नर्सिंगच्या पदवीत त्याचा उपयोग शून्य. कागदावर सन्मान, आणि तोच धडा पुन्हा पहिल्यापासून. ‘मग काय, न शिकता पदवी द्यायची?’ असे कोणी विचारील. तशी मागणीच नाही. परीक्षा घ्या, प्रात्यक्षिक घ्या, येत असेल तेवढे मोजा.

आपल्याकडे मॅट्रिक आणि १५ वर्षे सेवा झालेल्याला ‘क’ गटाच्या नोकऱ्यांपुरते पदवीधर मानले जाते. ही पळवाट नाही, पण शिक्षणही नाही. आणि चार वर्षांत घरी येणाऱ्या अग्निवीराला ही सवलत लागूही पडत नाही. त्याच्यासाठी इग्नूने तीन वर्षांची पदवी आखली, त्यात निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे. कल्पना चांगली आहे. मात्र ज्याला साताऱ्यात किंवा कोल्हापुरात परतून नियमित वर्गात बसायचे आहे, त्याचे ते श्रेयांक तिथले कॉलेज कोणत्या खात्यात टाकणार, हा प्रश्न अमेरिकेतल्यासारखाच उभा राहतो. त्यात अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झालेल्या. म्हणजे त्यांची मुदत हिवाळ्यात संपते, आणि आपली कॉलेजे प्रवेश देतात जून-जुलैत. जानेवारी-फेब्रुवारीतही प्रवेश देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये दिली आहे. ती वापरायची की नाही, हे ज्या त्या संस्थेच्या मर्जीवर आहे.