कुत्रे मागे लागले? सायकल पळवू नका, थांबा!

पुणे : एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ अशी ओळख असलेल्या पुण्यात आजही अनेक जण व्यायामासाठी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडतात. मात्र, रस्ते मोकळे असण्याची हीच वेळ भटक्या कुत्र्यांच्या टोळक्यांचीही असते. कुत्रे भुंकत अंगावर आले, की सायकलस्वार जिवाच्या आकांताने पायडल मारू लागतो. नेमके येथेच चुकते.

पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे. आपल्या हद्दीत शिरलेल्या परक्याला हुसकावून लावण्याची वृत्तीही त्याच्यात असते. त्यामुळे सायकलीचा वेग वाढला, की त्याला अधिकच चेव येतो. थोड्या अंतरापुरते ते साध्या सायकलीला सहज गाठते. शिवाय मागे वळून पाहताना किंवा लाथ उगारताना सायकलस्वाराचा तोल जातो. मागून वाहन येत असेल, तर असे पडणे चाव्यापेक्षाही महागात पडू शकते.

मग करावे काय? पुढे कुत्री दिसताच वेग कमी करावा. ती अंगावर येऊ लागल्यास मागच्या वाहनांचा अंदाज घेऊन रस्त्याच्या कडेला थांबावे, खाली उतरावे आणि सायकल आपल्या व कुत्र्यांच्या मध्ये आडवी धरावी. पाठ फिरवू नये, नजरेला नजर भिडवू नये. ठाम आवाजात ‘हट्’ म्हणावे. बहुतेक वेळा पाठलागाचा विषयच संपल्याने कुत्री शांत होतात. मग सायकल हातात धरून त्यांची हद्द पायी ओलांडावी. दगड उचलण्याच्या नुसत्या आविर्भावानेही अनेक कुत्री मागे सरतात. प्रत्यक्ष दगड मारल्यास मात्र ती चवताळण्याचा संभव असतो. उद्याही त्याच रस्त्याने जायचे आहे, हे विसरू नये. पिल्ले असलेली कुत्री दिसल्यास काही दिवस रस्ताच बदलणे श्रेयस्कर.

एवढे करूनही चावा बसला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी आणि डॉक्टरांनी सांगितलेले सर्व डोस पूर्ण करावेत. रक्त आले असल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही आवश्यक असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. वेळेवर घेतलेले उपचार मात्र हा रोग टाळू शकतात.

भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांवर आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीची खूण केलेली असते. परंतु, ती खूण पाहून स्वतःची लस टाळणे धोक्याचे आहे. कारण त्या कुत्र्याला नंतरचे डोस मिळाले की नाही, हे कानावरून कळत नाही.